ती विचित्र ओळ तिथे का आहे

नमस्कार मंडळी. मागे आवाज येतोय ना? ठीक आहे. आज मी दोन तारांबद्दल बोलणार आहे, फक्त दोन. तुमच्या फोनमध्ये, लॅपटॉपमध्ये, घरच्या टीव्हीत एका चिपला दुसऱ्या चिपशी बोलायचं असलं की बऱ्याचदा ते या दोन तारांवरूनच होतं. एकीवर डेटा जातो, तिला एसडीए म्हणतात, दुसरीवर क्लॉक, ती एससीएल. फिलिप्सने १९८२ मध्ये हे काढलं, नाव आयटूसी. साधा वेग १०० किलोहर्ट्झ, म्हणजे आजच्या मानाने गोगलगाय, पण लॅपटॉपचा टचपॅड, बॅटरी किती उरली ते सांगणारी चिप, तापमानाचे सेन्सर, रॅमच्या पट्टीवरची ती छोटी ईईप्रॉम, म्हणजे वीज गेली तरी माहिती जपणारी चिप, एचडीएमआय केबलमधून मॉनिटर स्वतःची ओळख सांगतो तेसुद्धा, सगळं यावरच चालतं. आणि लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, ही बस, म्हणजे ही तारांची जोडी, चालवणाऱ्या कंट्रोलरचे ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर हाताळणारे प्रोग्राम, शंभराहून जास्त आहेत, कारण प्रत्येक चिप बनवणाऱ्याचा कंट्रोलर वेगळा आणि प्रत्येकाच्या खोडी वेगळ्या.

ड्रायव्हर लिहिणं आणि ड्रायव्हर सांभाळणं ही दोन वेगळी कामं आहेत हे मला फार उशिरा कळलं. लिहिताना तुमच्यासमोर एक बोर्ड असतो, एक डेटाशीट असते, चाललं की झालं. सांभाळताना तुमच्यासमोर असतात दहा-पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेल्या ओळी, त्यातली एखादी इतकी विचित्र असते की हात शिवशिवतात, वाटतं काढून टाकावी, आणि ती ओळ ज्या मशीनसाठी लिहिलीय ते मशीन तुम्ही जन्मात पाहिलेलं नसतं. मला आज सांगायचंय ते एवढंच, की ती ओळ तिथे का आहे हे शोधणं हेच या कामातलं मुख्य काम आहे.

एक किस्सा सांगतो, माझ्या नोकरीतला. आमचं एक छोटं उपकरण होतं, दूध शीतकरण केंद्रावर बसवायचो, टाकीचं तापमान वाचायचं आणि नोंद ठेवायची. आत लिनक्स, एक सेन्सर, सेटिंग ठेवायला एक ईईप्रॉम, दोन्ही एकाच आयटूसी बसवर. तक्रार अशी यायची की लाईट क्षणभर लपकली की उपकरण अडकतं. प्रोसेसर रिसेट व्हायचा, लिनक्स परत व्यवस्थित वर यायचं, नेटवर्क चालू, सगळं चालू, पण तापमान गायब. आम्ही लांबून रीबूट मारायचो, काही फरक नाही. दहा वेळा मारा, तेच. मग तिथल्या माणसाला फोन करायचा, दादा, जरा प्लग काढून परत लावा, आणि लावला की चालू! रीबूटने होत नाही आणि प्लग काढल्याने होतं, हे वाक्य मी तेव्हा डायरीत लिहून ठेवलं होतं, कारण उत्तर त्यातच होतं, फक्त मला वाचता येत नव्हतं.

शेवटी तसाच अडकलेला एक नग वीज न तोडता टेबलवर मिळवला आणि स्कोप, म्हणजे तारेवरचा व्होल्टेज रेघेने दाखवणारं यंत्र, लावला. एससीएल वर, ३.३ व्होल्टवर, निवांत. एसडीए खाली, शून्यावर, सरळ रेघ. हलतच नाही.

आता हे समजून घ्या, कारण सगळी गंमत इथे आहे. या दोन्ही तारा रेझिस्टरने वर ओढलेल्या असतात, चिप्सना फक्त खाली ओढता येतं, वर ढकलता येत नाही, आणि कुणा एकाने जरी तार खाली धरली तरी ती सगळ्यांसाठीच खाली. आमचा प्रोसेसर ईईप्रॉममधून वाचत होता, ईईप्रॉम एक एक बिट देत होती, नेमका एक शून्य देताना तिने एसडीए खाली धरली आणि पुढच्या क्लॉकची वाट बघत बसली, तेवढ्यात लाईट लपकली आणि प्रोसेसर रिसेट झाला. ईईप्रॉमला मात्र तेवढ्या झटक्याने काहीच झालं नाही, तिची वीज पुरती गेलीच नव्हती, ती तशीच तार धरून बसलेली. प्रोसेसर परत वर आला, ड्रायव्हरने बघितलं एसडीए खाली आहे, म्हणजे बस बिझी आहे, कुणीतरी बोलतंय, थांबू या. ईईप्रॉम म्हणते क्लॉक द्या, मग सोडते. ड्रायव्हर म्हणतो सोडा, मग क्लॉक देतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि दुधाच्या टाकीचं तापमान कुणालाच माहीत नाही.

याचा उपाय आयटूसीच्या स्पेसिफिकेशनमध्येच लिहिलेला आहे, नऊ क्लॉक पल्स द्या. नऊच का, तर आठ बिटचा एक बाइट आणि नववा ॲकचा, म्हणजे पोचपावतीचा. ईईप्रॉम उरलेले बिट ओतून टाकते, नवव्याला समोरून ॲक आला नाही की तिला कळतं ऐकणारं कुणी नाही, आणि ती तार सोडते. लिनक्सच्या आयटूसी कोरमध्ये, म्हणजे सगळ्या ड्रायव्हरांच्या सामाईक भागात, हे तयार आहे, ड्रायव्हरने फक्त सांगायचं की अडचणीच्या वेळी एससीएलची पिन अशी अशी हातात घ्या. आमच्या कंट्रोलरच्या ड्रायव्हरमध्ये ते कुणी जोडलेलंच नव्हतं.

मी जोडलं, कर्नलच्या लोकांना पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवला, मला वाटलं झालं. रिव्ह्यूमध्ये पहिलाच प्रश्न आला, पिन जीपीआयओ म्हणून, म्हणजे सॉफ्टवेअरने थेट वर-खाली करायची साधी पिन म्हणून, हातात घेतलीत, पल्स दिलेत, मग ती परत कंट्रोलरकडे कोण देणार? मी बघितलं तर माझ्या बोर्डवर नशिबाने चालत होतं, कारण कर्नलच्या आधी चालणाऱ्या बूटलोडरने पिना एका विशिष्ट पद्धतीने लावून ठेवल्या होत्या, दुसऱ्या बोर्डवर रिकव्हरी झाल्यावर बस कायमची मेली असती. दुसरा पॅच, तिसरा पॅच, तिसरा घेतला गेला. ज्याने तो प्रश्न विचारला त्याच्याकडे माझा बोर्ड नव्हता, त्याने कधी पाहिलाही नव्हता, पण असल्या शंभर ड्रायव्हरांची दुखणी त्याच्या डोक्यात होती. मला आजही त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

आता विचित्र ओळीचं बघू. कर्नलमध्ये पीआयआयएक्स४ नावाचा एक जुना ड्रायव्हर आहे, मुळात इंटेलच्या जुन्या चिपसेटसाठीचा. त्यात लोड होतानाच एक तपासणी आहे, मशीन आयबीएमचं असेल आणि कंट्रोलर इंटेलचा असेल तर ड्रायव्हर सरळ नकार देतो, आणि मेसेज देतो की या मॉड्यूलने तुमची सीरियल ईईप्रॉम बिघडू शकते. नवीन माणूस हे वाचून म्हणेल की हे काय, एका कंपनीवर राग आहे का? नाही हो. जुन्या थिंकपॅडमध्ये ॲटमेलची २४आरएफ०८ नावाची ईईप्रॉम असायची. बसवर कोण कोण आहे हे शोधायला तेव्हाची टूल्स प्रत्येक पत्त्यावर एक रिकामं राइट पाठवायची, पत्ता आणि लगेच स्टॉप, आत डेटा काहीच नाही, म्हणजे नुसती दारावर टकटक. बाकीच्या चिप्सना त्याचं काही नाही, ही एक मात्र गोंधळायची आणि तिच्यातला डेटा खराब व्हायचा, आणि त्या डेटाशिवाय लॅपटॉप सुरूच होत नव्हता. कुणीतरी फक्त पंख्याचा वेग बघायला सेन्सर शोधत होतं आणि मशीन गेलं!

त्याच धड्याची दुसरी खूण आयटूसी कोरमध्ये आहे. चिप शोधताना हेक्स ३० ते ३७ आणि ५० ते ५एफ या पत्त्यांवर रिकामं राइट करायचं नाही, एक बाइट वाचून बघायचा. ५० च्या पुढे ईईप्रॉम बसतात. आणि ३० ते ३७ वर रॅमच्या पट्टीवरच्या ईईप्रॉमला कुलूप लावायची सोय असते, तिथे चुकून राइट गेलं तर काही पट्ट्यांच्या ईईप्रॉमला कायमचं कुलूप, परत त्यात लिहिता येत नाही. दोन अटी, दोन-चार आकडे. कुणी कोड साफ करायच्या भरात त्या काढल्या तर त्याच्या स्वतःच्या मशीनवर सगळे टेस्ट पास होतील, आणि भलत्याच कुणाच्या तरी ईईप्रॉमची वाट लागेल.

म्हणून मी माझ्या टीममधल्या मुलांना सांगतो, ओळ काढायच्या आधी गिट ब्लेम मारा, ती ओळ कुठल्या पॅचने आली ते बघा, त्याचा मजकूर पूर्ण वाचा. आणि स्वतः पॅच लिहिताना काय केलं ते कोडमध्ये दिसतंच, का केलं ते लिहा, कुठल्या बोर्डवर, कुठली चिप, स्कोपवर काय दिसलं.

याचा अर्थ काहीच बदलू नये असा नाही, उलट सतत बदलावं लागतं. आयटूसी ड्रायव्हरचं रिमूव्ह नावाचं फंक्शन आहे, डिव्हाइस काढताना चालतं, ते पूर्वी एरर परत देऊ शकायचं. लोक एरर द्यायचे आणि वाटायचं की आता काढणं थांबेल, पण कोर त्या एररकडे बघायचाच नाही, डिव्हाइस जायचं ते जायचंच, मागे अर्धवट मोकळी केलेली मेमरी. २०२२ मध्ये ते बदललं, आता ते फंक्शन काहीच परत देत नाही. बोलायला एक ओळ, पण त्यासाठी शेकडो ड्रायव्हरांना हात लावावा लागला, सेन्सर, टचस्क्रीन, कॅमेरे, चार्जर, आणि त्या सगळ्यांचं हार्डवेअर कुणा एका माणसाकडे असणं शक्यच नाही. असलं काम बाहेर कुणाला दिसत नाही. आयटूसी सबसिस्टम आधी जाँ देल्वार आणि २०१२ पासून वोल्फ्राम सांग यांनी सांभाळली, वर्षानुवर्षं, रोज दुसऱ्यांचे पॅच वाचत.

आणि इथे तुमची गरज आहे, मी मनापासून सांगतोय. तुम्हाला लगेच ड्रायव्हर लिहिता यायला हवा असं काही नाही. घरी माळ्यावर जुना लॅपटॉप असेल, कॉलेजच्या लॅबमध्ये कुणी न वापरणारा बोर्ड असेल, त्यावर नवीन कर्नलची आरसी, म्हणजे प्रसिद्ध व्हायच्या आधीची चाचणी आवृत्ती, चढवा. मर्ज विंडोच्या, म्हणजे नवे बदल आत घेण्याच्या, दोन आठवड्यांनंतर आरसी१ येते, मग साधारण दर आठवड्याला एक, आणि त्या काळातच चूक सापडली तर ती लोकांपर्यंत पोचायच्या आत थांबते. टचपॅड चालतोय का, झोपवून उठवल्यावर चालतोय का, एवढं बघा. नाही चाललं तर गिट बायसेक्ट करा, रात्र जाईल त्यात, पण हजारो बदलांमधून तो एक बदल सापडतो. आणि चाललं तरी कळवा. पॅचखाली टेस्टेड-बाय म्हणून तुमचं नाव लागतं, आणि ज्याच्याकडे ते हार्डवेअर नाही त्या मेंटेनरला त्या एका ओळीचा केवढा आधार असतो हे मी दोन्ही बाजूंनी अनुभवलंय.

बरं, प्रश्न नंतर घेऊ. आधी इथे पुढे या, टेबलाभोवती, जरा जागा करा एकमेकांना. तोच बोर्ड आणलाय, ईईप्रॉमही तीच. ती वाचत असतानाच मी रिसेटचं बटण दाबणार आहे, पहिल्या फटक्यात नाही अडकणार कदाचित, दाबत राहू. पिवळी रेघ एसडीए आहे, निळी एससीएल, पिवळी खाली जाऊन तिथेच बसली की निळीकडे बघा आणि किती पल्समध्ये सुटते ते मोजा.