टँकमधून समुद्राकडे

श्रोतेहो, नमस्कार.

टँकमध्ये सलग वीस-पंचवीस फेऱ्या आरामात मारणारी माणसं समुद्रात छातीभर पाण्याच्या पुढे गेली की बावरतात. अलिबागला, गुहागरला, मालवणला हे मी पुष्कळदा बघते. हात-पाय तेच, फ्रीस्टाइल तीच. पण तळाची काळी रेघ दिसत नाही, हात टेकायला कठडा नाही, पाणी गढूळ, आणि समोरचा काठ तर नाहीच. जरा वेळात छाती भरून येते. दम संपला असं त्या माणसाला वाटतं, पण बहुतेक वेळा श्वास आत अडकलेला असतो. घाबरलेला माणूस श्वास घेत सुटतो, सोडत नाही. मग शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि जीव गुदमरल्यासारखा होतो. तोंड पाण्यात असताना सतत बुडबुडे सोडत राहायचं, म्हणजे तोंड वर आल्यावर फक्त घ्यायचं काम उरतं. टँकमध्ये ही सवय नसली तरी निभावतं, समुद्रात निभावत नाही.

म्हणून मी शिकवताना सुरुवातीला अंतराचं नावच काढू देत नाही. छातीभर पाण्यात जायचं, उताणं व्हायचं, कान पाण्यात बुडू द्यायचे आणि पडून राहायचं. लाट येते, उचलते, खाली ठेवते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. त्यामुळे ते गोड्या पाण्यापेक्षा जड असतं आणि माणूस त्यात जास्त वर राहतो. विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्यांना हा फरक पहिल्याच दिवशी कळतो. पुढे केव्हाही नाकात पाणी गेलं, गॉगल भरला, पोटरीत गोळा आला, तर करायचं ते हेच: उताणं व्हा, चार-सहा श्वास शांतपणे घ्या, मग पुढचं ठरवा. पाय टेकत नाहीत अशा ठिकाणी मनात येईल तेव्हा थांबता आलं, की माझ्या लेखी तो माणूस समुद्रासाठी तयार झाला. वेग, स्ट्रोकची सफाई हे सगळं नंतर.

मग येते दिशा. टँकची रेघ सुटली की प्रत्येकजण नकळत एका बाजूला वळतो. दर सात-आठ हातांनी समोर बघावं लागतं, आणि तेही पूर्ण डोकं वर न काढता. डोकं वर आलं की कंबर बुडते. मगर काढते तसे डोळे तेवढे पाण्याबाहेर काढायचे, बघायचं, आणि लगेच बाजूला तोंड वळवून श्वास घ्यायचा. खूण म्हणून जमिनीवरची उंच, न हलणारी वस्तू धरा. देवळाचा कळस, मोबाइलचा टॉवर, माडांच्या रांगेतला एखादा वाकडा माड चालेल. नांगरलेली होडी धरू नका, वारा आणि पाणी फिरलं की तीही फिरते. आणि श्वास दोन्ही बाजूंनी घेता यायला हवा. लाट उजवीकडून येत असताना तुम्हाला उजवीकडूनच श्वास घेता येत असेल, तर प्रत्येक वेळी खारं पाणी पोटात जाणार.

आता पाण्याच्या स्वभावाबद्दल सांगते, कारण माणसं दमून जितकी बुडतात त्याहून जास्त पाणी न ओळखल्यामुळे फसतात असं माझं मत आहे. कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. तिथून सहा तासांनी ओहोटी. हा अंदाज झाला, पाण्यात उतरण्याआधी त्या किनाऱ्याचं भरतीचं वेळापत्रक बघायचंच. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा पाण्याची ये-जा जोरात चालते. अष्टमी-नवमीच्या आसपास भांग असतो, पाणी मवाळ असतं. नवख्यानं भांगाचे दिवस निवडावेत आणि भरती चढत असताना उतरावं. खाडीच्या मुखाशी ओहोटीच्या वेळी तर उतरूच नये. खाडीत चढलेलं सगळं पाणी त्या एका तोंडातून बाहेर पडत असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे परतीच्या पाण्याची ओढ. लाटांनी किनाऱ्याकडे ढकललेलं पाणी कुठून तरी मागे जाणारच. ते एखाद्या अरुंद पट्ट्यातून जातं. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मधल्या पट्ट्यात मात्र पाणी सपाट, जरा गडद किंवा गढूळ, फेस बाहेरच्या दिशेला निघालेला. पर्यटक नेमकी तीच जागा निवडतात, कारण ती शांत दिसते. मुलांना घेऊन उतरतात. हे बघून माझ्या पोटात गोळा येतो. ही ओढ जोरावर असली तर सेकंदाला दोन मीटरपर्यंत जाते. १५०० मीटरच्या शर्यतीतला जगज्जेतासुद्धा सेकंदाला पावणेदोन मीटरच्या आसपास पोहतो. तेव्हा तिच्याशी झुंजायचं नाही. ती खाली ओढत नाही, बाहेर नेते, आणि पट्टा अरुंद असतो. तरंगत राहा, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा, आणि जिथे लाटा फुटतायत तिथून आत या.

ऋतूचं म्हणाल, तर पावसाळ्यात समुद्र त्याच्यापाशी ठेवावा. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला म्हणून दुसऱ्या दिवशी पोहायला जायचं नाही. नोव्हेंबरपासून पाणी निवळतं. सकाळी मतलई वारा जमिनीकडून असतो, पाणी गुळगुळीत राहतं. दुपारी खारा वारा सुटला की लहान लहान लाटा तोंडावर आपटतात. सकाळच्या त्याच वाऱ्यावर हवा भरलेली ट्यूब घेऊन जाऊ नका, ती तुम्हाला बघता बघता बाहेर नेईल. कमरेला दोरीनं बांधायचा भगवा-नारिंगी फुगा मिळतो, तो मात्र हवाच. होडीवाल्याला लाटांमध्ये तुमचं डोकं दिसत नाही, तो फुगा दिसतो. आणि एकट्यानं कधीही नाही.

१९५९ साली आरती साहा इंग्लिश खाडी पोहायला उतरल्या. ऑगस्टमधल्या पहिल्या प्रयत्नात इंग्लंडचा किनारा जवळ आला असताना प्रवाह उलटला आणि त्यांना पाण्याबाहेर यावं लागलं. २९ सप्टेंबरला त्या पुन्हा उतरल्या आणि खाडी पार करणारी पहिली आशियाई महिला ठरल्या. आपल्या पुण्याच्या रोहन मोरे यांनी २०१८ मध्ये जगातल्या सात अवघड सामुद्रधुन्यांची मालिका पूर्ण केली. अशा प्रत्येक मोहिमेला सोबत होडी असते, आणि आता थांब म्हणणारं माणूस असतं.

तुम्हाला इतकं लांब जायचं नसेल. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरमध्ये सागरी जलतरण स्पर्धा भरते, तिथे अगदी कमी अंतराचे गटही असतात. हिवाळ्यात जाणकाराबरोबर सराव करून त्यातल्या छोट्या गटात नाव द्या. शिट्टी झाली की पुढच्या घोळक्यात घुसू नका, तिथे हात-लाथा लागतात आणि तिथेच बहुतेकांचा श्वास बिघडतो. वीस-तीस सेकंद जाऊ द्या, कडेनं निघा. वाटेत बरं वाटेनासं झालं तर उताणं व्हा आणि एक हात सरळ वर करा. बचावाची होडी त्याचसाठी उभी असते, तिला धरून दम खा. संकोच करू नका. नमस्कार.