खाज कुठून सुरू झाली?

नमस्कार. मघाशी चहाच्या वेळी गप्पा झाल्या, त्यातून कळलं की इथल्या बहुतेकांच्या घरी शिह त्झू, पग, पॉमेरेनियन नाहीतर ल्हासा आहे. म्हणून आज लहान चणीच्या पिल्लांबद्दलच बोलतो, आणि तेही एकाच तक्रारीबद्दल. खाज.

काही वर्षांपूर्वी साडेतीन महिन्यांचं शिह त्झूचं पिल्लू माझ्याकडे आलं. नाव चिकू, वजन पावणेदोन किलो. आजी आणि सूनबाई त्याला घेऊन आल्या होत्या. आजी म्हणाल्या, "डॉक्टर, रात्रभर पलंगाखाली टपटप ऐकू येतं. खाजवताना पाय फरशीवर आपटतो ना त्याचा. झोप म्हणून नाही हो लेकराला." सूनबाईंनी पिशवी टेबलावर रिकामी केली. तीन शाम्पू, माणसांचं एक मलम, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं खाणं. पाच आठवड्यांत एवढं सगळं करून झालं होतं.

मी कानाची कड खरवडली, काचपट्टी मायक्रोस्कोपखाली धरली. काही दिसलं नाही. लूत नाही असं मी ठरवून टाकलं आणि अॅलर्जीच्या मागे लागलो. ही माझी चूक होती, आणि तिच्यापायी चिकूचे आणखी तीन आठवडे खाजवण्यात गेले. तिसऱ्या भेटीत सूनबाईंनी पैसे द्यायला हात पुढे केला, तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंत बारीक लाल पुटकुळ्या दिसल्या. विचारलं, तर म्हणाल्या, "घामोळं असेल, महिना झाला." चिकू रोज त्याच हातावर झोपायचा.

लूतच होती. कुत्र्याच्या लुतेचा किडा इतका बारीक, आणि अंगावर इतक्या कमी संख्येनं असतो, की खरवडून तो निम्म्या वेळाही हाती लागत नाही. मिळाला तर निदान पक्कं झालं. नाही मिळाला, तर त्यावरून काहीच ठरत नाही. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, पण अंगी मुरलं चिकूमुळे.

या किड्याचा इतिहास मला फार मोलाचा वाटतो. माणसाच्या खरजेला याचाच भाऊबंद असलेला एक सूक्ष्म जीव कारण असतो, हे इटलीतल्या बोनोमो नावाच्या वैद्यानं 1687 साली पत्र लिहून सांगितलं होतं, किड्याच्या चित्रासकट. बायका मुलांच्या अंगावरचे हे किडे टाचणीनं काढतात, हे त्याच्या कानावर आलं आणि त्यानं स्वतः ते पाहून घेतलं. तरी पुढची दीडशे वर्षं मोठमोठे वैद्य रक्तदोषाबद्दलच बोलत राहिले. शेवटी 1834 साली कॉर्सिका बेटावरच्या रेनुची नावाच्या विद्यार्थ्यानं पॅरिसच्या रुग्णालयात सगळ्यांसमोर सुईच्या टोकावर किडा काढून दाखवला. त्याच्या गावाकडच्या बायका हे नेहमीच करायच्या. म्हणून घरातल्या माणसानं, मग ती आजी का असेना, काय पाहिलं हे मी आता सगळ्यात आधी विचारतो.

माझा पहिला प्रश्न असतो: खाज सुरू कुठून झाली? आज सगळं अंग खाजवत असेल, पण पहिल्या आठवड्यात कुठे होती? शेपटीच्या मुळाशी, कमरेवर असेल, तर पिसवा. कानाच्या पाळीची कड, कोपरं, मागच्या पायांचे घोटे इथे खपल्या असतील, तर लूत. कानाच्या आत कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ आणि सारखं डोकं झटकणं असेल, तर कानातले किडे. पाठीवर कोंडा, आणि नीट टक लावून पाहिलं तर तो कोंडाच हलतोय असं वाटलं, तर तो आणखी वेगळा किडा. त्याला चिकटपट्टीवर उचलून पाहता येतं. पंजे चाटणं, काखा, पोट, तोंडाभोवतीची लाली, या जागा अॅलर्जीच्या.

लुतेची एक साधी खूण सांगतो. पिल्लाच्या कानाची कड दोन बोटांत धरून हलकेच एकमेकींवर चोळा. लूत असेल तर बऱ्याचदा मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलायला लागतो. दर वेळी होतंच असं नाही, पण झालं तर मला ते सांगा. आणि लुतेचा संशय पुरेसा असेल, तर किडा सापडण्याची वाट न बघता औषध सुरू करतात. घरात दुसरं कुत्रं असेल तर त्यालाही, ते खाजवत नसलं तरी. चिकूचं तसंच केलं. तिसऱ्या आठवड्यात आजींचा फोन आला, पलंगाखालचा आवाज बंद झाला होता. सूनबाईंचा हातही साफ झाला. कुत्र्याचा हा किडा माणसाच्या अंगावर पिढ्या वाढवू शकत नाही, कुत्रं बरं झालं की तो त्रासही संपतो. तरी पुटकुळ्या दिसल्या तर स्वतःच्या त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि घरात कुत्रं आहे हे त्यांना आठवणीनं सांगा.

आता पिसवा. "आमच्याकडे पिसवा नाहीत, एकही दिसत नाही," असं मी रोज ऐकतो. केसाळ पिल्लात पिसू दिसत नाही, तिची विष्ठा दिसते. बारीक दाताच्या फणीनं केस विंचरा, पडलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा. कणाभोवती तांबूस डाग पसरला, तर ते पचलेलं रक्त आहे. अंगावरच्या पिसवा म्हणजे एकूण पसाऱ्याचा विसावा हिस्सा. उरलेली अंडी, अळ्या आणि कोश सतरंजीत, सोफ्याच्या फटीत, पिल्लाच्या गादीत असतात, आणि कोश महिनोन् महिने तग धरतात. म्हणून एकदा औषध टाकून भागत नाही. दीड-दोन किलोच्या पिल्लाला पिसवांनी रक्तक्षय होतो, हिरड्या पांढुरक्या पडतात. हिरड्या तशा दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

केस गळालेले गोल चट्टे, पण खाज जवळजवळ नाही, असं असेल तर डेमोडेक्स, म्हणजे केसांच्या मुळाशी राहणारा किडा, किंवा बुरशी मनात येते. त्यात फार जात नाही. या चट्ट्यांना खाज सुटली तर बहुधा वर जिवाणूंचा संसर्ग झालेला असतो, एवढं लक्षात असू द्या.

इथे मला मनापासून विनंती करायची आहे. गाड्यांचं जळकं ऑइल, रॉकेल, फिनेल, डेटॉल यातलं काहीही पिल्लाला लावू नका. पिल्लू अंग चाटतं, म्हणजे लावलेलं सगळं पोटात जातं. जळक्या ऑइलनं माखलेली पिल्लं मी स्वतः धुतली आहेत, त्यातली काही वाचली नाहीत. गुरांसाठीचं आयव्हरमेक्टिन, म्हणजे जंत-किडे मारणारं औषध, अंदाजानं टोचणंही तसंच. गुराच्या मापाच्या औषधाचा एक जास्तीचा थेंब दोन किलोच्या जिवाला फार होतो, आणि कोली जातीच्या बऱ्याच कुत्र्यांना तर जनुकातल्या बदलामुळे ते थेट मेंदूत पोचतं. पिसवा-लुतेच्या आधुनिक गोळ्यांनाही वयाची आणि वजनाची अट असते. पिल्लाचं आजचं वजन केल्याशिवाय घेऊ नका.

आता अॅलर्जी. तिला मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. हवेतल्या कणांची, धुळीतल्या किड्यांची अॅलर्जी बहुतेक कुत्र्यांत 6 महिने ते 3 वर्षं या वयात उघडी पडते. तीन-चार महिन्यांच्या पिल्लाला कुणी लगेच ते नाव दिलं, तर आधी किड्यांचा निकाल लागलाय का ते विचारा. खाण्याची अॅलर्जी मात्र इतक्या लहान वयातही होऊ शकते. रक्त तपासून ती कळते असं सांगणारे अहवाल मिळतात, त्यांच्यावर पैसे घालवू नका, ते भरवशाचे नाहीत. रस्ता एकच. पिल्लानं आधी न खाल्लेलं प्रथिन, किंवा प्रथिनं फोडून बनवलेलं खास खाणं, सलग 8 आठवडे, दुसरं काही नाही. मग जुनं खाणं पुन्हा देऊन पाहायचं, खाज परतली तर खात्री. वाढीचं वय आहे, तेव्हा घरचा आहार असेल तर तो डॉक्टरांकडून नीट बसवून घ्या. आपल्या घरांत हे कुठे अडतं सांगू? चहात बुडवलेल्या बिस्किटात. आजोबांचा जीव तुटतो, ते हळूच एक तुकडा देतात आणि सहा आठवड्यांची मेहनत जाते. कोंबडीचा स्वाद दिलेली जंताची गोळीसुद्धा मोजावी लागते. सगळ्या घराला एकत्र बसवून हे सांगा, आजोबांना तर आधी.

स्टेरॉइडच्या इंजेक्शननं खाज दोन दिवसांत थांबते, मग एवढं कशाला, असं पुढच्या रांगेतल्या ताईंनी मघाशी विचारलं. थांबते, खरं आहे. पिल्लू कासावीस असेल तर मीही थोडे दिवस खाज शमवणारं औषध देतो. पण लूत असताना नुसतं स्टेरॉइड दिलं की वरून शांतता आणि आत किडे वाढत राहतात. शिवाय लाली, खपल्या, खाजेची जागा, म्हणजे ज्यावरून मी कारण शोधणार, तेच पुसलं जातं. म्हणून आधी काचपट्टी, मग इंजेक्शन, हा क्रम डॉक्टरांकडे मागून घ्या.

येताना तीन गोष्टी आणा. रात्री खाजवतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ, कारण टेबलावर पिल्लू भेदरून गप्प बसतं. आजवर लावलेल्या, पाजलेल्या सगळ्या औषधांची वेष्टनं. आणि पिल्लाच्या गादीवरची चादर, झटकल्याशिवाय, पिशवीत बांधून. आदल्या दिवशी त्याला आंघोळ घालू नका. स्वच्छ करून आणावं असं वाटतं, कळतं मला, पण मला ते जसं आहे तसंच हवं असतं.