पाऊण किलोवॉटचं फराळघर

(पहाटेचे साडेपाच. परळमधल्या एका इमारतीचा तिसरा मजला. एकाच खिडकीत दिवा.)

दिवाळीला अजून अठरा दिवस आहेत. कढईत तेल तापलंय. सोऱ्यातून भाजणी कागदावर उतरतेय. तीन वेढे झाले की काकू शेंडा बोटाने दाबून चिकटवतात आणि पुन्हा एकदा दाबतात. शेंडा सुटला तर चकली तेलात उलगडते.

या घराच्या दारावर पाटी नाही. ‘फराळ मिळेल’ असं कुठेही लिहिलेलं नाही. बरीच वर्षं काकूंना वाटायचं, आपण हे लपूनछपून करतोय, पाटी लावली तर कुणी येऊन बंद करेल. प्रत्यक्षात पाटी नसणं ही नियमाचीच अट आहे.

(ओट्यावरचा मिक्सर, भांडं काढून आडवा ठेवलेला.)

मुंबईच्या 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत घरगुती व्यवसायाची व्याख्या होती. 2018 साली त्या नियमावलीच्या जागी नवी आली, तरी व्याख्या जवळपास तीच राहिली. लांबलचक, एका दमात न संपणारी. पण घरातून काही करून विकणाऱ्या प्रत्येक बाईने ती एकदा नीट समजून घ्यावी, इतकी ती कामाची आहे. व्यवसाय त्या घरात राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसाने करायचा. पगारी माणूस लावायचा नाही. बाहेरून बघणाऱ्याला इथे राहण्याखेरीज दुसरं काही चालतं असं दिसता कामा नये. इमारतीला, शेजारपाजाऱ्यांना धोका नको. यंत्रं घरात एरवी असतात तीच. मोटरवर काम होणार असेल तर विजेचा एकूण भार पाऊण किलोवॉटपेक्षा, म्हणजे साधारण एक अश्वशक्तीपेक्षा, जास्त नको.

आता या मिक्सरचं बूड बघा. पत्र्याच्या पट्टीवर छापलंय, 750 वॅट. बरोब्बर पाऊण किलोवॉट. वेलची, साखर, खोबरं, सगळं या एका मोटरवर. शेजारी घरघंटी आणून ठेवली की मर्यादा ओलांडली. काकू भाजणी खालच्या गिरणीतून दळून आणतात, ती त्यांची जुनी सवय. नियमातही ती चपखल बसते.

व्याख्येत आणखी एक ओळ आहे. विकायचं तेच, जे त्या घरात तयार झालं. काकूंची चकली चालते. पण गावाहून पोतंभर कोकम आणून त्याच्या पुड्या बांधून विकल्या, तर ते या व्याख्येत बसत नाही. सुरतेहून साड्या आणून हॉलमध्ये मांडणंही नाही. घरात घडवणं वेगळं आणि घराचं दुकान करणं वेगळं, ही सीमारेषा मला पटते. इमारतीतल्या बाकीच्यांनाही तिथे राहायचं असतं.

(जिना. भिंतीला टेकवलेली जुनी पितळी परात.)

ही परात सासूबाईंची. त्यांची खाणावळ होती. लालबाग-परळच्या चाळींमध्ये अशा खाणावळी खोलीखोलीतून चालायच्या. गावी बायकामुलं ठेवून आलेला गिरणी कामगार पाळी सुटली की जेवायला इथेच यायचा. एका खोलीत चूल, तिथेच पंगत, तिथेच रात्री अंथरुणं. यातल्या बायकांना बँक दारात उभी करत नव्हती. सावकाराचं कर्ज आणि वाण्याची उधारी यांतून त्यांना सोडवायला प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि गिरण्यांबरोबर त्यांच्या पंगतीही उठल्या.

हीच व्याख्या घरगुती व्यवसायातून एक गोष्ट स्पष्टपणे वगळते: सर्वसामान्य लोकांना खाऊपिऊ घालण्याची जागा. डबा करून देणं आणि लोकांना घरात बसवून वाढणं यांत नियम फरक करतो. जागेची अडचण, आगीची भीती, जिन्यावरची वर्दळ ही कारणं समजण्यासारखी आहेत. तरीही सांगावंसं वाटतं की हे शहर ज्या कामगारांनी चालवलं, त्यांची पोटं त्या खोल्यांनी भरली. याच शहरात, गिरगावातल्या एका गच्चीवर, 15 मार्च 1959 ला सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्याचंच पुढे लिज्जत झालं. आजही तिथल्या बहिणी भिजवलेलं पीठ केंद्रातून घरी नेतात आणि घरीच पापड लाटतात.

(टेबलावर पाकिटं. काकू चष्मा लावून लेबल वाचतायत.)

कागदपत्रांना लोक उगाच घाबरतात. खाण्याचा पदार्थ विकायचा तर अन्नसुरक्षेची नोंदणी हवीच. 2011 च्या नियमांत वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असलेला धंदा लहान मानला, आणि त्याच्या नोंदणीची फी वर्षाला 100 रुपये ठेवली. अर्ज ऑनलाइन होतो. 7 दिवसांत नोंदणी द्यायची, कारण सांगून नाकारायची, किंवा तपासणीची नोटीस काढायची, असं बंधन अधिकाऱ्यावरच आहे. मिळतो तो चौदा आकडी क्रमांक पाकिटावर छापायचा. मग शॉप ॲक्ट, म्हणजे मुंबईत ज्याला अजून गुमास्ता म्हणतात. 2017 च्या कायद्याने ठरवलं की दहाच्या आत कामगार असतील तर नोंदणी नाही, धंदा सुरू केल्याची सूचना पुरते. 2025 मध्ये ही मर्यादा वीसवर नेली. महावितरण असो की दुसरी कंपनी, राज्य वीज नियामक आयोगाच्या दर-आदेशांत घराच्या एका भागात धंदा करणाऱ्यालाही घरगुती दर ठेवलेला आहे. अट अशी की महिन्याला 300 आणि आदल्या आर्थिक वर्षात 3600 युनिटांच्या आत राहायचं.

गॅसच्या बाबतीत मात्र बेफिकिरी नको. 14.2 किलोचं घरगुती सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही. त्यासाठी 19 किलोचं व्यावसायिक सिलिंडर घ्यावं लागतं. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या.

सोसायटीशी आधी बोलून घेतलेलं बरं. पोटनियम बघा, कमिटीला लेखी कळवा. खोके लिफ्टमध्ये अडकून राहिले आणि तेलाचा वास चार मजले चढला, तर तक्रार करणाऱ्या शेजाऱ्याचं चुकत नाही.

(दुपार. दारात चप्पल काढणारी एक तरुण मुलगी.)

ही खालच्या मजल्यावरची. पुढचे पंधरा दिवस करंज्या भरायला येणार आणि तिला रोजाचे पैसे मिळणार. इथे नियम अडतो. वर्षभर काकूंचं एकटीने भागतं, पण दिवाळीच्या पंधरवड्यात ऑर्डर चौपट होते. व्याख्या म्हणते पगारी माणूस नको. रोजावर आलेली शेजारीण ही पगारी माणूसच.

मला वाटतं, हे बदलायला हवं. कारखाना करू द्या असं कुणी म्हणत नाही. सणाच्या दिवसांत एक-दोन हात मदतीला, एवढीच सवलत. मिळतेजुळते व्यवसाय महापालिकेच्या मंजुरीने, अटी घालून, या व्याख्येत घ्यायचा अधिकार आयुक्तांना नियमातच दिलेला आहे. मग अटींचाही विचार होऊ शकतो. तोवर या मुलीच्या रोजाची नोंद कुठेच होणार नाही आणि तेल अंगावर उडालं तर तिच्या बाजूने एक कागदही नसेल.

मुलगी हात धुऊन पाटावर बसते. काकू सारणाचं पातेलं तिच्याकडे सरकवतात. पहिली करंजी काठाला जरा फाटते. काकू दुधाचं बोट लावून ती कड मिटवतात आणि कातणं तिच्या हातात देतात.