दिवसभर वावरात राबता, मग डंबेल कशाला? घरच्या घरी पूर्ण अंगाची ताकद

राम राम मंडळी!

“आमी दिवसभर वावरात राबतो, आमाले कायले पायजे डंबेल?” पारावर बसलो की हा प्रश्न येतोच, आणि तो अगदी रास्त आहे. आजचा व्हिडिओ त्याच्याच उत्तरासाठी आहे.

सध्या कापसाची वेचणी जोरात आहे. कमरेला ओटी बांधून बाई पऱ्हाटीत शिरली की दुपारपर्यंत अर्धी वाकलेलीच असते. एका बोंडातला कापूस भरतो किती, तर चार-पाच ग्रॅम. हातात वजन नाहीच, पण वाकणं दिवसभराचं. निंदणाचं तेच, सोयाबीन सोंगायचं तेच. अशा कामानं दम वाढतो, अंग चिवट होतं. ताकद मात्र वेगळ्या वाटेनं येते. स्नायूला रोजच्यापेक्षा जड काहीतरी मोजक्या वेळा उचलायला लावायचं, मग त्याला आराम द्यायचा, नीट खायला घालायचं, आणि पुढच्या खेपेला वजन थोडं वाढवायचं. वावरात यातलं काहीच आपल्या हातात नसतं. काम पडेल तसं पडतं आणि दुसऱ्या दिवशी दुखत असलं तरी जावंच लागतं.

आणि मग एक दिवस खत येतं. युरियाची बॅग ४५ किलोची, डीएपीची ५०. ट्रॉलीतून उतरवताना पाठीत उसण भरते ती तिथेच. फवारणीचा १६ लिटरचा पंप घ्या. नुसतं पाणीच १६ किलो, वर पंपाचं वजन. तो जमिनीवरून उचलून पाठीवर घ्यायचा तो क्षण कमरेसाठी सगळ्यात वाईट. दिवसभर वाकून थकलेली पाठ, आणि तिच्यावर एकदम एवढा भार. म्हणून मी ठासून सांगतो, डंबेलची गरज कास्तकाराला आणि मजुराला शहरातल्या खुर्चीवरच्या माणसाइतकीच आहे, कदाचित जास्तच.

व्यायाम हा आपल्याकडे बाहेरून आलेला शौक नाही, हेही लक्षात असू द्या. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं आहे. तिथली मंडळी १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जाऊन आपले देशी खेळ दाखवून आली. गावोगावच्या आखाड्यांत मुद्गल फिरत होतेच. डंबेल त्याच कुळातला.

[डंबेल जमिनीवरून उचलून दाखवतो]

हा बघा, दांडी आणि प्लेटांचा डंबेल. दोन दांड्या आणि सगळ्या मिळून २० किलो प्लेटा, एवढा सेट घरातल्या दोघा-तिघांना पुष्कळ दिवस पुरतो. याचा फायदा असा की वजन एक-सव्वा किलोनं वाढवता येतं. पाच किलोची अखंड जोडी घेतली तर पुढची उडी थेट साडेसात किंवा दहाची. प्लास्टिकच्या प्लेटा स्वस्त पडतात, आत सिमेंटसारखा भराव असतो. त्या अंगणात उन्हात ठेवू नका, तडकतात. लोखंडाच्या मिळाल्या तर उत्तम. तालुक्याला एखादी जिम बंद पडली असेल तर चौकशी करा, जुनं लोखंड खराब होत नाही. गंज असेल तर तारेच्या ब्रशनं घासा आणि तेलाचा हात फिरवा.

एक गोष्ट मात्र प्रत्येक वेळी करायचीच. ही दोन्ही टोकांची चाकी बघा. प्रत्येक सेटच्या, म्हणजे एका दमात करायच्या प्रत्येक खेपेच्या, आधी ती आवळा. ती सैल होत जाते, आणि डंबेल डोक्यावर असताना प्लेट सुटली तर काय होईल ते सांगायला नको.

लगेच पैसे घालायचे नसतील तर पाच लिटरची तेलाची रिकामी कॅन घ्या. पाण्यानं भरली की पाच किलो, कोरड्या रेतीनं भरली की आठच्या आसपास. मूठ तिला आहेच. किराण्याच्या काट्यावर एकदा मोजून आणा, म्हणजे अंदाजाचा कारभार राहत नाही. शेणानं सारवलेली जमीन असो की फरशी, खाली दुहेरी पोतं टाका. आणि पाय मोकळेच ठेवा, मोजे घालून फरशीवर पाय सटकतो.

आता मुख्य गोष्ट. आज यातलं एकच शिकलात तरी चालेल, पण हे शिकाच.

[काठी घेऊन कॅमेऱ्याला बाजू करून उभा राहतो]

ही साधी काठी. ती पाठीवर उभी धरायची. एक हात मानेमागे, एक हात कमरेमागे. काठी तीन ठिकाणी टेकली पाहिजे: डोक्याचा मागचा भाग, दोन खवाट्यांच्या मधला भाग, आणि खाली माकडहाड. आता गुडघे थोडे सैल सोडा आणि ढुंगण मागं न्या. खाली नाही, मागं. दोन्ही हातांत पाण्यानं भरलेल्या बादल्या असताना आपण पाठीमागचं दार कसं ढकलतो, अगदी तसं. छाती आपोआप पुढे झुकते. काठी तिन्ही जागी टेकलेलीच राहिली तर वाकणं बरोबर. डोक्यापासून सुटली तर मान खाली गेली. माकडहाडापासून सुटली तर पाठ गोल झाली, आणि उसण भरते ती याच गोल पाठीत.

बघा, मी मुद्दाम चुकीचं करून दाखवतो... सुटली काठी. आणि हे बरोबर... टेकलेली आहे. मांडीच्या मागच्या बाजूला ताण येतोय. तो ताण आला पाहिजे. तो नसेल आणि सगळं कमरेत जाणवत असेल तर परत काठीवर या. भिंतीचा उपयोगही होतो: भिंतीकडे पाठ करून वीतभर पुढे उभे राहा आणि मागं जाऊन ढुंगणानं भिंतीला शिवा. जमलं की चार बोटं आणखी पुढे सरका.

हे बसलं की हातात डंबेल घ्या. दोन्ही डंबेल मांडीला घासत खाली जातील, गुडघ्याच्या खालपर्यंत, आणि टाचा जमिनीत दाबून, नितंब आवळून वर. डंबेल अंगापासून लांब गेले की तेवढाच भार कमरेला कितीतरी जड पडतो, म्हणून अंगाला चिकटूनच. याला रोमानियन डेडलिफ्ट म्हणतात. नाव विसरलात तरी काही बिघडत नाही. खताची बॅग, पाण्याचा गुंड, लहान लेकरू, सगळं असंच उचलायचं.

बाकीचे व्यायाम भराभर सांगतो.

बैठक. एक डंबेल उभा करून दोन्ही तळव्यांत छातीशी धरायचा आणि खाली बसायचं. इथे गावची माणसं पुढे आहेत. उकिडवं बसायची सवय आपल्याला लहानपणापासून आहे, पूर्ण खाली जाता येतं. ज्यांचे गुडघे कुरकुर करतात त्या काकूंनी, आबांनी बाजेच्या कडेवर टेकायचं आणि उठायचं. तेवढंही पुष्कळ आहे.

ढकलणं. बेंच लागत नाही. सतरंजीवर उताणं पडा, गुडघे मोडून पाय जमिनीवर, डंबेल छातीच्या वर ढकला. खाली येताना दंड जमिनीला टेकला की थांबा, परत वर. कोपर खांद्याच्या सरळ रेषेत फाकवू नका, अंगाच्या थोडं जवळ ठेवा, खांदा वाचतो.

ओढणं. एक हात बाजेवर किंवा धान्याच्या कोठीवर टेकवा. प्लास्टिकच्या खुर्चीवर नको, ती सरकते. आत्ता शिकलेलं वाकणं वापरून वाका, दुसऱ्या हातानं डंबेल कमरेकडे ओढा. हात विसरा, कोपर मागं न्यायचं आहे. दिवसभर पुढे झुकून जे खांदे गोल होतात, ते मागं धरून ठेवणारे स्नायू यानं मजबूत होतात. बायांनी हा व्यायाम अजिबात चुकवू नये.

डोक्यावर ढकलणं. आधी वर बघा! पंखा आहे का? टिनाचं छत खाली आहे का? असेल तर गुडघ्यांवर उभं राहून करा. पोट आवळलेलं, कंबर मागं वाकवायची नाही.

आणि शेवटी माझा आवडता. एकाच हातात जड डंबेल घ्यायचा आणि अंगणात सरळ चालायचं. अंग वजनाच्या बाजूला झुकू द्यायचं नाही, आणि दुसऱ्या बाजूलाही कलू द्यायचं नाही. पोटाच्या बाजूचे स्नायू इथे जेवढं काम करतात तेवढं ते पोटाच्या उठाबशांत करत नाहीत, असं माझं मत आहे. मग हात बदला.

किती करायचं? प्रत्येक व्यायामाचे दोन सेट, जमलं की तीन. एका सेटमध्ये ८ ते १२ वेळा. मधे दीड-दोन मिनिटं थांबा, घाई नको. वजन असं निवडा की सेट संपताना वाटलं पाहिजे, अजून दोनदा झालं असतं. पाच-सहा वेळा आणखी झालं असतं असं वाटत असेल तर वजन हलकं आहे. तिन्ही सेटमध्ये १२ पूर्ण व्हायला लागले की प्लेट वाढवा. प्लेट संपल्या तर खाली येताना मनात तीन मोजत सावकाश या, तेच वजन जड होतं.

ताईंनो, तुम्हाला एक सांगतो. ते दीड-दीड किलोचे रंगीत डंबेल घेऊ नका. पाण्यानं भरलेला गुंड तुम्ही रोज उचलता, तो त्याच्या कितीतरी पट जड असतो. बैठकीला आणि वाकण्याला पाच किलोपासून सुरू करा, डोक्यावर ढकलायला दोन-तीन किलो. दंड पुरुषासारखे फुगतील ही भीती मनातून काढून टाका, ते तसं होत नाही. उलट पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होऊ लागतात, तेव्हा असला व्यायाम हाडांना धरून ठेवतो.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. वेचणी-सोंगणीच्या हंगामात दोनच दिवस करा, आणि ज्या दिवशी काम कमी तो दिवस निवडा. काम सरलं की तीन दिवस. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा उजाडायच्या आत उरका. टिनाखाली दुपारी अजिबात नाही.

फवारणी केली त्या दिवशी व्यायाम नको. आंघोळ करा, कपडे वेगळे धुवा, आराम करा. डोकं गरगरणं, मळमळ, तोंडाला सारखी लाळ, डोळ्यांपुढे धूसर दिसणं, यातलं काहीही झालं तर थकवा समजून झोपून राहू नका, फवारणीच्या औषधाचा डबा सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठा.

आपल्या भागात सिकलसेल, म्हणजे रक्ताचा जन्मजात आजार, पुष्कळ आहे, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाटाकडे. ज्यांना तो आजार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. अंगातलं पाणी कमी पडणं आणि थकून चूर होणं, दोन्ही त्यांना घातक आहे. बीपी असेल तर श्वास कोंडू नका, जोर लावताना तोंडानं सोडा. आणि दुखण्यातला फरक ओळखा: दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांडी भरून येते ते नेहमीचं आहे. टोचल्यासारखी कळ, पायात उतरणाऱ्या मुंग्या, सांध्यातली सूज, हे आलं की थांबायचं.

खाण्याचं विचाराल तर पावडरचा डबा विकत घ्यायची गरज नाही. ६० किलोच्या माणसाला रोज साधारण ५० ग्रॅम प्रथिनं लागतात, ताकदीचा व्यायाम करत असाल तर त्याहून जास्त. मला याचं फार वाईट वाटतं की इतकं सोयाबीन पिकवणाऱ्या आपल्या घरांत सोयाबीन खाल्लं जात नाही, सगळं बाजार समितीत जातं. कच्चं खाऊ नका, रात्रभर भिजवून नीट शिजवा. सोयावडी ५० ग्रॅम शिजवली तरी २५ ग्रॅम प्रथिनं. एका अंड्यात सहा. फुटाणे, शेंगदाणे, घट्ट वरण, चून-भाकर, हे सगळं घरचंच आहे. वरण फक्त पातळ करू नका.

पोलीस भरतीच्या पोट्ट्यांसाठी दोन शब्द. पहाटे रोडनं पळता, चांगलं आहे. पण भरतीत पळण्यासोबत (पोरांना १६०० मीटर, पोरींना ८००) गोळाही आहे, पोरांना ७.२६ किलोचा, पोरींना ४ किलोचा. गोळ्याचा जोर हातातून सुरू होत नाही, तो पायातून निघून कमरेतून वर येतो. म्हणजे तुम्हाला बैठक, वाकून उचलणं आणि डोक्यावर ढकलणं, तिन्ही पाहिजेत. पळण्याच्या आधी नाही, नंतर किंवा संध्याकाळी.

सुरुवात मात्र सगळ्यांनी काठीपासून करायची. पहिले काही दिवस फक्त काठी, मग रिकामी कॅन, मग वजन. कोणालातरी बाजूनं मोबाईलवर तुमचं वाकणं शूट करायला सांगा, चेहरा नाही दिसला तरी चालेल, आणि मला पाठवा. पुढच्या भागात त्यातले चार-पाच घेऊन पाठ कुठे गोल होते, डंबेल कुठे लांब जातो, ते थांबवून थांबवून दाखवतो.