बगदादच्या हिशोबातले तीन आकडे

(दृश्य : लोणी काळभोर, तेल डेपोबाहेर टँकरची रांग)

मुंबईहून पाइपलाइननं आलेलं पेट्रोल-डिझेल इथून पुण्यातल्या पंपांवर जातं. त्यामागचं कच्चं तेल बहुतेक बाहेरचं. २०१७-१८ पासून काही वर्षं भारताला सर्वांत जास्त तेल विकलं ते इराकनं. कच्च्या तेलाचा भाव उतरला की पुणेकर पंपावरचा दर कधी उतरतो म्हणून वाट बघतो. बगदादमध्ये तेव्हा पगाराची काळजी सुरू होते.

(दृश्य : इराकमधलं बसरा, टँकर जहाजं)

इराक सरकारच्या उत्पन्नात तेलाचा वाटा साधारण ९० टक्के. विक्रीचे डॉलर न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हमधल्या खात्यात जमा होतात. अर्थखातं ते आपल्या मध्यवर्ती बँकेला विकून दिनार घेतं. पगार, पेन्शन त्यातून. म्हणजे आकडे तीन : बॅरलचा भाव, रोजचे बॅरल आणि डॉलरचा दर. भाव बाजाराच्या हाती, बॅरलवर ओपेकचा, म्हणजे तेल निर्यातदार देशांच्या संघटनेचा, कोटा. (ओपेकचा जन्म १९६० साली बगदादमध्येच झाला, हेही खरं.) सरकारला हलवता येतो तो फक्त तिसरा.

२०२० मध्ये भाव कोसळला, पगार रखडले, तेव्हा तोच हलवला. डिसेंबरात डॉलर ११९० दिनारांवरून १४५० वर नेला. तेवढ्याच डॉलरचे सुमारे २२ टक्के जास्त दिनार हाती आले. पण आयात होणारं सगळंच महागलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये दर १३०० वर आणला.

त्याच वर्षी तीन वर्षांचं अंदाजपत्रक आलं. खर्च वर्षाला १९९ लाख कोटी दिनार. गृहीत धरलं : भाव ७० डॉलर, रोज ३५ लाख बॅरल. गुणाकार करा : वर्षाला ८९ अब्ज डॉलर, म्हणजे ११६ लाख कोटी दिनार. बाकीचं उत्पन्न धरूनही ६४ लाख कोटींची तूट, तीही कागदावरच. भाव एक डॉलरनं घसरला की वर्षाला सव्वा अब्ज डॉलर गेले.

खरी मेख बॅरलच्या आकड्यात. ३५ लाखांत उत्तरेकडच्या स्वायत्त कुर्दिस्तानचे ४ लाख धरले होते. मंत्रिमंडळानं मार्चच्या मध्याला मंजुरी दिली आणि २५ मार्चला, बगदादच्या परवानगीशिवाय कुर्दिस्तानचं तेल नेल्याबद्दल लवादाचा निकाल तुर्कस्तानच्या विरोधात गेल्यावर, ते तेल तुर्कस्तानच्या बंदरात नेणारी किर्कुक-जेहान पाइपलाइनच बंद पडली. मे महिन्यापासून इराकनं आपणहून आणखी रोज २.११ लाख बॅरलची कपात केली. जूनमध्ये संसदेनं ३५ लाखांचा आकडा तरीही तसाच पास केला. नजरचुकीनं राहून जावा इतका तो लहान नव्हता.

पाइपलाइन पुन्हा सुरू झाली सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस. अंदाजपत्रकाचे तेव्हा तीन महिने उरले होते.