तिसऱ्या दिवसाचा सीआरपी

[दृश्य : सकाळ. पुण्यातल्या एका रुग्णालयात आयसीयूबाहेरचा पॅसेज. जेवणाचे डबे, पाण्याच्या बाटल्या, मोबाइलवर उघडलेला रिपोर्ट.]

निवेदन :
बायपाससाठी पुण्यात माणसं बारामतीहून येतात, साताऱ्याहून येतात, सदाशिव पेठेतून रिक्षानेही येतात. ऑपरेशन नीट झालंय, श्वासाची नळी निघालीय, पेशंट चहा मागतोय. आणि लॅबचा मेसेज येतो : सीआरपी १७२. शेजारी छापलंय, नॉर्मल ५ च्या आत. (सीआरपी म्हणजे शरीरात दाह पेटला की रक्तात वाढणारं एक प्रथिन.)

“सिस्टर, बाबांना इन्फेक्शन झालंय का हो?”

“सर राउंडला येतील दादा, ते सांगतील.”

राउंड होईपर्यंत तो आकडा फॅमिली ग्रुपवर फिरून आलेला असतो.

[दृश्य : ऑपरेशन थिएटर. हार्ट-लंग मशीनच्या नळ्या जवळून.]

या आकड्याची सुरुवात दोन दिवस आधी, इथे झालेली असते. रक्त गोठू नये म्हणून हेपरिन दिलंय. हृदय-फुप्फुसांचं काम सध्या पंप, म्हणजे हार्ट-लंग मशीन, करतोय. तो चालवणाऱ्या परफ्युजनिस्टची नजर मॉनिटरवर. हृदयाच्या उजव्या बाजूचं काळपट रक्त नळीतून खाली उतरतं, ऑक्सिजन मिसळणाऱ्या ऑक्सिजनेटरमधून लालभडक होऊन महाधमनीत परत जातं. मिनिटाला ४-५ लिटर. ऑक्सिजनेटरच्या आत बारीक पोकळ तंतूंचा जुडगा असतो. त्याचा सगळा पृष्ठभाग पसरला तर भरेल जवळपास २ चौरस मीटर.

रक्ताला सवय फक्त रक्तवाहिन्यांच्या अस्तराची. एवढं प्लास्टिक समोर आलं की शरीर हल्ला झाल्यासारखं वागू लागतं. रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची संरक्षक प्रथिनं काही मिनिटांत चेतवली जातात, त्यांचे सी३ए आणि सी५ए हे तुकडे रक्तात सुटतात, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी चवताळतात. महाधमनीला लावलेला चिमटा (क्लॅम्प) काढल्यावर हृदयात परत शिरणारं रक्तही त्यात भर घालतं. शेवटी हेपरिन उतरवायला प्रोटामिन देतात, तर त्या जोडगोळीनेही कॉम्प्लिमेंट चेततं. आणि छातीचं हाड कापलेलं असतं, ते वेगळंच.

[दृश्य : लॅब. सेंट्रिफ्यूजमधून निघालेली ट्यूब, वर पिवळसर सीरम.]

दाहाचा निरोप पोचवणारं इंटरल्यूकिन-६ हे प्रथिन ऑपरेशननंतर काही तासांतच शिखर गाठतं आणि यकृताला कामाला लावतं. यकृत सीआरपी बनवू लागतं, पण त्याचा कळस यायला दुसरा-तिसरा दिवस उजाडतो. म्हणजे नातेवाइकांना धडकी भरवणारा रिपोर्ट नेमका पेशंट सावरत असताना हातात पडतो.

सीआरपीचा शोध १९३० मध्ये लागला, न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात. त्यामुळे ‘वाढला म्हणजे जंतू’ हे समीकरण डोक्यात बसलं असावं. पण यकृताला जंतू आणि करवत यांतला फरक कळत नाही.

मग पंपच नको? धडधडत्या हृदयावर बायपास करणारे सर्जन आपल्याकडे बरेच आहेत. त्यात सुरुवातीचा भडका कमी असतो, सीआरपी मात्र तरीही चढतो. स्टेरॉइड देऊन दाह दाबण्याची कल्पनाही मोहक होती. २०१५ मध्ये ७,५०० हून अधिक पेशंटांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले : मृत्यू कमी झाले नाहीत. दाह कमी केला की पेशंट बरा, इतकं ते सरळ नाही.

[दृश्य : पेशंटच्या फाइलमधला तक्ता. पेनाने जोडलेले चार ठिपके.]

राउंडवर सर एकटा आकडा बघत नाहीत, चढ-उतार बघतात. सीआरपी रक्तातून निम्मा व्हायला साधारण १९ तास लागतात. यकृताने हात आवरला की आलेख झरझर उतरतो. (एककही बघून घ्या. एक लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर लिहिते, दुसरी प्रति डेसिलिटर. १८० आणि १८ एकच असू शकतात.)

काळजी वेगळ्या आलेखाची. उतरत आलेला सीआरपी पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा वर वळला, सोबत ताप, जखमेतून पाणी, किंवा खोकताना छातीचं हाड हलल्यासारखं वाटणं. तेव्हा जंतुसंसर्गाचा अंदाज देणारी प्रोकॅल्सिटोनिनची तपासणी जाते, रक्तात जंतू वाढतात का हे बघणारं ब्लड कल्चर जातं, आणि ड्रेसिंग उघडून सर्जन स्वतः जखम दाबून बघतात.