पोल: उसाच्या रसातला एक कोन

[दृश्य: अंधारी खोली. सोडियमचा दिवा लागतो.]

दिवा लागला की आधी गुलाबी दिसतो. तो आतल्या निऑन वायूचा रंग. थोडी मिनिटं थांबायचं. सोडियम तापतं, त्याची वाफ होते, गुलाबी सरतो आणि पिवळा चढतो. या पिवळ्याला दुसरा कुठलाही रंग मिसळलेला नाही. प्रयोगशाळेतल्या केमिस्टच्या खिशातलं निळं पेन या उजेडात काळं दिसतं, नोंदवहीवरचा लाल शिक्कासुद्धा काळपट दिसतो.

बाहेर साखर कारखान्याचं गळीत जोरात आहे. गव्हाणीत, म्हणजे ऊस आत नेणाऱ्या पट्ट्यावर, मोळ्या पडतायत, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली आहे. आत, या खोलीत, एका पितळी नळीतून उजेड सोडून रसातली साखर मोजली जाते. कारखान्याच्या भाषेत ह्या मोजमापाला ‘पोल’ म्हणतात. रसाचा पोल, बगॅसमधला म्हणजे उसाच्या चोथ्यातला पोल, प्रेसमडमधला म्हणजे रस गाळून उरलेल्या गाळातला पोल. हंगामात हा शब्द दिवसातून शंभर वेळा कानावर पडतो. तो आला पोलरायझेशनवरून. मराठीत ध्रुवण. म्हणजे ज्या आकड्याची चर्चा चहाच्या टपरीवर होते, तो मुळात प्रकाशाचा एक कोन आहे.

[दृश्य: यार्ड. ट्रॉलीच्या खुंट्याला बांधलेली दोरी, दुसरं टोक एका मुलाच्या हातात.]

हात वर-खाली केला, दोरीत उभी लाट गेली. हात डावीकडे-उजवीकडे केला, आडवी लाट गेली. दोन्ही वेळा लाट पुढे सरकते आणि दोरी मात्र लाटेच्या वाटेला काटकोनात हलते. अशा लाटेला अवतरंग म्हणतात. प्रकाश अवतरंग आहे. त्यात दोरीऐवजी विद्युत क्षेत्र हलतं, एवढाच फरक.

सूर्य, कंदील किंवा हा सोडियमचा दिवा यांच्यात असंख्य अणू आपापला प्रकाश सोडत असतात. कुणाचं कंपन उभं, कुणाचं आडवं, कुणाचं तिरपं. सगळी सरमिसळ. त्यातली एकच दिशा शिल्लक ठेवली की झाला ध्रुवित प्रकाश. ती कशी शिल्लक ठेवायची, याच्या वाटा निसर्गात आधीपासून आहेत.

[दृश्य: कालवा. पाण्यावर सकाळचं ऊन, कॅमेऱ्यापुढे फिल्टर फिरतो.]

हा कालवा बघा. पाण्यावर नुसती चकाकी. आता कॅमेऱ्यापुढचा, एकाच दिशेचं कंपन सोडणारा फिल्टर पाव वळसा फिरतो… चकाकी गेली. तळाचे गोटे दिसले, शेवाळ दिसलं, गोट्यांमधून सरकणारा मासाही दिसला. पाणी तेच आणि ऊनही तेच.

पाण्यावरून परतलेल्या प्रकाशात आडवं कंपन जास्त असतं. किरण उभ्या लंबापासून सुमारे ५३ अंशांनी पडला, तर परतणारा प्रकाश पूर्णपणे आडव्या कंपनाचा होतो. काचेसाठी हा कोन सुमारे ५६ अंश. डेव्हिड ब्रूस्टरने १८१५ साली त्याचा नियम मांडला. कारण समजायला सोपं आहे. किरण पाण्यात शिरतो तेव्हा पाण्याच्या रेणूंमधले इलेक्ट्रॉन हलतात आणि परतीचा प्रकाश तेच सोडतात. पण हलणारा इलेक्ट्रॉन ज्या रेषेत हलतो, त्या रेषेत प्रकाश सोडत नाही. ब्रूस्टरच्या कोनात आडव्याखेरीजच्या दुसऱ्या कंपनाची रेषा नेमकी परतीच्या वाटेवर येते. म्हणून ते कंपन परत येतच नाही.

आकाशातही हलणाऱ्या इलेक्ट्रॉनचा हाच नियम चालतो.

[दृश्य: उसाच्या तुऱ्यांमागून सूर्योदय. कॅमेरा थेट वर वळतो.]

सूर्य क्षितिजावर असताना मान वर करून डोक्यावरचं आकाश बघायचं. सूर्यापासून ९० अंशांवरचा हा पट्टा सर्वांत जास्त ध्रुवित असतो. हवेच्या रेणूंवरून विखुरलेला हा प्रकाश. फिल्टर फिरवला की निळा रंग गडद होतो, आणखी फिरवला की फिका. आपल्या डोळ्यांना हा फरक एरवी कळत नाही. मधमाश्यांना कळतो. कार्ल फॉन फ्रिश यांनी १९४९ साली दाखवून दिलं, की ढगांमधून निळ्या आकाशाचा तुकडा दिसला तरी त्यातल्या ध्रुवणावरून मधमाशी सूर्याची दिशा ओळखते. गव्हाणीपाशी, उसाच्या ताज्या कापांवर, त्या घोंगावतायत. इथून पोळ्याकडे परतताना याच आकाशाचा त्यांना आधार.

[दृश्य: वजन पावतीवर ठेवलेला पारदर्शक खडा.]

हा कॅल्साइटचा स्फटिक. पावतीवर ठेवला की प्रत्येक आकडा दोनदा दिसतो. खडा फिरवला की एक आकडा जागेवर राहतो आणि दुसरा त्याच्याभोवती फिरतो. एका किरणाचे आत दोन किरण होतात, दोघांची कंपनं एकमेकांना काटकोनात. १६६९ साली डेन्मार्कच्या रास्मुस बार्थोलिनने या दुहेरी अपवर्तनाचं वर्णन लिहिलं. त्याचा खडा आइसलँडहून आला होता, तिथल्या बेसाल्टच्या पोकळीतून. आपला काळा पाषाणही बेसाल्टच. दख्खनच्या खाणींमध्ये, विहिरी खोदताना निघणाऱ्या पोकळ्यांमध्ये कॅल्साइट सापडतं.

१८०८ साली पॅरिसमध्ये एतिएन मालूसने असाच खडा डोळ्यापुढे धरून लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परतणारं मावळतीचं ऊन पाहिलं. खडा फिरवताना दोन प्रतिमा आलटून पालटून मंद झाल्या. काचेवरून परतलेला प्रकाश खड्यातून निघालेल्या प्रकाशासारखाच वागत होता. ध्रुवण हा शब्द विज्ञानात त्याने आणला. पुढे १८२८ साली विल्यम निकोलने कॅल्साइट तिरपं कापून कॅनडा बाल्सम या पारदर्शक राळेने पुन्हा चिकटवलं. दोन किरणांपैकी एक त्या सांध्यावर पूर्ण परावर्तित होऊन बाजूला जातो, दुसरा सरळ बाहेर पडतो. कितीतरी वर्षं साखर मोजणाऱ्या यंत्रांत हेच निकोल प्रिझम होतं.

[दृश्य: मोबाईलचा पडदा, त्यापुढे फिरणारा गॉगल.]

आता खिशात, गॉगलमध्ये, मोबाईलच्या पडद्यावर असते ती पातळ पट्टी. एडविन लँडने १९२९ साली अमेरिकेत अशा पट्टीच्या पेटंटसाठी अर्ज केला. आजची पट्टी बनते प्लास्टिकचा कागद ताणून. ताणल्यावर त्यातले लांबच लांब रेणू एका दिशेला येतात, मग त्यांना आयोडीन पाजतात. पुस्तकात इथे गजांच्या खिडकीची उपमा देतात आणि पोरं तिथेच फसतात. गजांमधून उभी दोरी पार होते, पट्टीत मात्र उलटं घडतं. रेणूंच्या दिशेने होणारं कंपन इलेक्ट्रॉनना त्या वाटेने हलवतं आणि त्यातच खर्च होतं. पार जातं ते रेणूंना काटकोनातलं. दोन पट्ट्या समांतर असल्या तर उजेड. एक ९० अंश फिरवली तर अंधार. ६० अंश फिरवली तर पहिलीतून आलेल्या उजेडाचा चौथा हिस्सा. हा मालूसचा नियम. मोबाईलपुढे अशी पट्टी असलेला (पोलराइज्ड) गॉगल फिरवा, हेच दिसेल.

[दृश्य: प्रयोगशाळा. चंचुपात्रात रस ओतला जातो.]

आता रस. गिरणीतून आलेला, गढूळ, हिरवट-काळा. यातून उजेड जाणार नाही, म्हणून आधी तो निवळायचा. शंभर मिलिलिटर रस, त्यात लेड सबॲसिटेटची चिमूटभर भुकटी. फ्लास्क हलवला, आणि बघता बघता गाळ धरला. गाळणकागदातून येणारे पहिले थेंब टाकून द्यायचे. नंतर येतो तो कोऱ्या, फिक्या चहासारखा स्वच्छ.

नळी बरोबर २०० मिलिमीटर लांब. आधी त्याच रसाने दोनदा विसळायची, मग काठोकाठ भरायची, इतकी की रसाचा फुगवटा काठावर उभा राहील. काचेची चकती वरून ठेवायची नसते, बाजूने सरकवायची असते. बुडबुडा आत राहिला तर वाचन गेलं. मग पितळी टोपण. केमिस्टची बोटं बघा, टोपण बसलं की लगेच थांबतात. नवीन मुलगा ते करकचून आवळतो. आवळलेल्या काचेवर ताण येतो, आणि ताणलेली काच कॅल्साइटसारखी दुहेरी वागू लागते. रसात नसलेला कोन मग काचेतून वाचनात शिरतो.

[दृश्य: नळी यंत्रात ठेवली जाते. झाकण बंद.]

दिव्याकडे पोलरायझर, एकच कंपन आत सोडणारा; डोळ्याकडे ॲनालायझर, ते कंपन किती वळलं हे तपासणारा; मध्ये नळी. नळीत नुसतं पाणी असलं तर कंपनाची दिशा बदलत नाही. साखरेचं पाणी असलं, की ती उजवीकडे वळते. साखर जितकी जास्त तितकी जास्त वळते. नळीची लांबी वाढली तरी वळण त्याच प्रमाणात वाढतं. १८१५ साली झां बातिस्त बिओने द्रवांमधलं हे वळण शोधलं.

साखर प्रकाशाला का वळवते? हे दावं बघा.

[दृश्य: गोठ्यातलं दावं, हातात उलटंपालटं फिरवलेलं.]

उजव्या पिळाचं दावं. ते ह्या टोकाकडून बघा, त्या टोकाकडून बघा, आडवं करा, उलटं करा. पीळ उजवाच राहतो. साखरेच्या रेणूला असा पीळ आहे. तो आणि त्याची आरशातली प्रतिमा एकमेकांवर बसत नाहीत. पाण्यात रेणू हवे तसे उलटेसुलटे तरंगत असले, तरी पीळ पुसला जात नाही. सरळ कंपन हे दोन गोल कंपनांची बेरीज असतं, एक उजवं फिरणारं आणि एक डावं. पिळाच्या रेणूंमधून त्या दोघांचा वेग किंचित वेगळा पडतो. नळीच्या टोकाला दोघं पुन्हा एकत्र आले, की बेरजेची दिशा वळलेली असते.

कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी १८९८ साली हेच मोठ्या मापात करून दाखवलं. साखरेच्या रेणूंच्या जागी त्यांनी पिळलेल्या तागाच्या जुड्या घेतल्या आणि प्रकाशाच्या जागी मिलिमीटर लांबीच्या विद्युत लहरी. उजव्या पिळाच्या जुड्यांनी दिशा एका बाजूला वळवली, डाव्या पिळाच्या जुड्यांनी दुसऱ्या. ताग, दोर, पीळ. शेतकऱ्याच्या हातातली वस्तू घेऊन या माणसाने रेणूचा गुण उलगडून दाखवला. आपल्या शाळांमधून हे शिकवलं पाहिजे.

[दृश्य: ऊस उत्पादक काका यंत्रापाशी बसतात.]

काका चाळीस वर्षं ऊस घालतायत. या खोलीत आज पहिल्यांदा आले.

“काका, एक डोळा मिटा. काय दिसतंय?”

“अर्धं पिवळं, अर्धं काळं.”

“आता हे चाक हळू फिरवा. दोन्ही बाजू सारख्या दिसल्या की थांबायचं.”

किती काळोख झाला हे डोळ्याला अचूक सांगता येत नाही, पण दोन अर्धुकं सारखी आहेत की नाहीत हे डोळा पटकन सांगतो. म्हणून यंत्रातलं वर्तुळ मुद्दाम दोन भागांत विभागलेलं असतं. काका चाक फिरवतात. जरा पुढे गेलं. मागे घेतात. आता डावी बाजू उजळ. पुन्हा पुढे, केसभर. मधली रेघ विरघळली. वर्तुळ एकसारखं, मंद पिवळं.

“झालं सारखं.”

वाचनाची पट्टी साखरेच्या हिशोबाने आखलेली आहे. १०० मिलिलिटरमध्ये २६ ग्रॅम शुद्ध साखर, २०० मिलिमीटरची नळी, २० अंश तापमान, म्हणजे वाचन १००. सोडियमच्या पिवळ्या उजेडात हे वळण सुमारे ३४.६ अंशांचं होतं. समजा रसाचं वाचन ७० आलं. २६ चे ७० टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये १८.२ ग्रॅम. रसाची घनता १.०८ धरली, तर वजनाने जेमतेम १७ टक्के साखर. एवढाच हिशोब आहे. कुणालाही कागदावर करता येतो आणि तो प्रत्येक ऊस उत्पादकाला दाखवला पाहिजे.

[दृश्य: यार्डात वाळलेला, तोडून पडलेला ऊस. मग दुसरी नळी.]

ही दुसरी नळी. तोडणी होऊन बरेच दिवस पडून राहिलेल्या उसाचा रस. तोडलेल्या उसात साखरेचा रेणू फुटतो, एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज. ग्लुकोज उजवीकडे वळवतं, पण साखरेपेक्षा कमी. फ्रुक्टोज डावीकडे वळवतं, आणि जोरात. दोघांची बेरीज डावीकडे जाते, म्हणून या मिश्रणाचं नावच ‘उलट साखर’. ब्रिक्स, म्हणजे रसात एकूण किती पदार्थ विरघळलेत, ते मोजणाऱ्या यंत्राला हे कळत नाही, त्याला विरघळलेला प्रत्येक पदार्थ सारखाच. शेतात जे छोटं यंत्र घेऊन फिरतात ते ब्रिक्स दाखवतं. साखर फुटली हे सांगतो तो पोल.

आलेला पोल किती, त्यातला बगॅसमध्ये, प्रेसमडमध्ये आणि मळीत गेलेला किती, उरलेला पोत्यात. तोच उतारा, म्हणजे उसाच्या वजनाच्या किती टक्के साखर निघाली. उसाचा भाव त्यावरच ठरतो: २०२५-२६ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी (केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) होती, आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे.

[दृश्य: काका पुन्हा यंत्राला डोळा लावतात.]

काका चाक फिरवतात. मघाच्या जागेच्या बरंच अलीकडे वर्तुळ एकसारखं होतं. ते मान वर काढून पट्टीकडे बघतात, पुन्हा डोळा लावतात, चाक मागेपुढे करून खात्री करून घेतात. केमिस्ट नोंदवहीत पहिल्या आकड्याखाली दुसरा आकडा लिहितो.

“मघाची नळी घाला की परत एकदा,” काका म्हणतात.

झाकण उघडतं. एक नळी बाहेर, एक आत.